लोडभाऊ

नारायणगाव कुठे संपतं आणि वारूळवाडी कुठे सुरू होते, हे रस्त्याने जाणाऱ्याला कळत नाही. ग्रामपंचायती दोन, बाजार एक, मीना नदी दोघांची आणि टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरलेल्या पिकअपांची रांगही दोघांची. सीमा कळते ती फक्त लोडभाऊला. ज्याच्या घरपट्टीच्या पावतीवर ‘वारूळवाडी’ आहे तो वारूळवाडीचा. ज्याच्या पावतीवर ‘वारुळवाडी’ आहे तो माणूस म्हणून असेल कुठलाही, संगणकाच्या लेखी तो अजून बेघर.

लोडभाऊचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. ते आधारकार्डावर एक आहे, दहावीच्या दाखल्यावर दुसरं आहे आणि रेशनकार्डावर वडिलांच्या जागी आहे. त्याचा धंदा एकच: जुन्या वह्यांतली माहिती नव्या वेबसाइटच्या पोटात उतरवणं. याला तो ‘पहिलं लोडिंग’ म्हणतो आणि दुकानाच्या पाटीवरही तसंच लिहून घेतलंय. पाटी वाचून एखादा नवखा शेतकरी डीपीवर लोड आल्याची तक्रार घेऊन येतो. भाऊ ती शेवटपर्यंत ऐकून घेतो, वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक मागतो, तो बारा आकडी आहे का हे बोटाने मोजतो आणि ‘क्रमांक बरोबर आहे’ असं समाधानाने सांगून बिल परत देतो.

अशी माणसं आता प्रत्येक तालुक्यात एक-दोन तयार झाली आहेत. कारण प्रत्येक पतसंस्था, दूध डेअरी, शाळा आणि पाणीवापर संस्था कधी ना कधी ‘ऑनलाइन’ होते. सॉफ्टवेअर पुण्याहून येतं. त्याला गोल कडांची बटणं असतात, संस्थापकांचा फोटो असतो, आणि फोटोखाली मोठ्या अक्षरांत ‘एकूण सभासद: ०, एकूण ठेवी: ०’ असं लिहिलेलं असतं. चाळीस वर्षं संस्था चालवलेल्या चेअरमनला ते दोन भोपळे बघून जे वाटतं, ते निवडणुकीत पडल्यावरही वाटत नाही. पुण्याचा इंजिनियर म्हणतो, ‘सर, सिस्टीम रेडी आहे, फक्त डेटा टाकायचाय.’ त्या ‘फक्त’मध्ये लोडभाऊचं सगळं आयुष्य गेलं.

मी त्याला एका पतसंस्थेत काम करताना पाहिलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, सगळे ओळखीचे आहेत. भाऊ आला, कोपऱ्यातल्या संगणकाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ‘किर्द काढा. खतावणी काढा. सभासद नोंदवही सगळ्यात जुनी काढा.’ सचिवांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून गठ्ठे काढले. भाऊने पहिली वही उघडली, वास घेतला आणि म्हणाला, ‘हिला पाणी लागलंय. कुठल्या साली गळत होतं?’ सचिव चपापले. त्या सालच्या नोंदी खरंच नंतर आठवून लिहिलेल्या होत्या.

वहीत ‘मागील पानावरून पुढे’ असं दिसलं की कुणीही माणूस पुढे जातो. लोडभाऊ मागे जातो. मागच्या पानावर तीच रक्कम असेल तर तो पान उलटतो आणि नसेल तर खुर्ची ओढून बसतो, चहा सांगतो. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद पसरतो तो पाहून सचिवांना घाम फुटतो.

भाऊचं सगळं तत्त्वज्ञान क्रमाचं आहे. डेटाबेस नावाच्या गोष्टीला नाती फार महत्त्वाची वाटतात. कर्ज टाकायचं तर ते ज्याला दिलं तो सभासद आधीच आत हवा, आणि सभासद टाकायचा तर त्याचं गाव आधी हवं. गाव नसताना सभासद टाकला, सभासद नसताना कर्ज टाकलं, की यंत्र लाल अक्षरांत भांडायला उठतं. ‘आधी गाव, मग माणूस, मग त्याचा व्यवहार,’ हे भाऊ इतक्यांदा म्हणतो की घरी जेवतानाही ते सुटत नाही. पोराने भात मागितला तर विचारतो, ‘ताट घेतलंस का?’ लग्नात आधी मुलीच्या मामाची ओळख करून घेतो, मग नवरीकडे बघतो. हे त्याच्या बायकोने मला सांगितलं. ती पुढे म्हणाली, ‘आमच्या लग्नात यांनी भटजींना थांबवलं होतं. माझ्या आजोबांचं नाव राहिलं म्हणून.’

पण त्या पतसंस्थेत हा क्रमही उपयोगी पडेना. भाऊने गावं टाकली, सभासद टाकायला घेतले, आणि फाइल मध्येच अडकली. त्याचं कारण सहकाराच्या मुळाशीच होतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने प्रत्येक सभासदाच्या ओळीतच त्याच्या जामीनदाराचा क्रमांक ठेवला होता आणि जामीनदार आधीपासून सभासद हवा अशी अट घातली होती. अट रास्त आहे. आता आपल्याकडची रीत अशी की मी तुला जामीन, तू मला जामीन. पहिल्याला आत घ्यायचं तर दुसरा आधी आत हवा, दुसऱ्याला घ्यायचं तर पहिला. यंत्र दोघांनाही दारात उभं करून विचारत होतं, ‘तुमच्यातलं आधी कोण?’

पुण्याचा इंजिनियर फोनवरून म्हणाला, ‘सर, असं कसं होईल? हे लॉजिकली शक्य नाही.’ भाऊने फोन स्पीकरवर टाकला. सगळं संचालक मंडळ पोट धरून हसलं, कारण त्यातले बरेच जण एकमेकांना जामीन होते.

तोडगा भाऊचाच. जामीनदाराचा रकाना तात्पुरता रिकामा सोडून आधी सगळे सभासद आत घ्यायचे. सगळे आत बसले की मग दुसऱ्या फेरीत कोण कुणाला जामीन ते सांगायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण इंजिनियरने त्याला दोन दिवस मागितले होते.

दुसरी अडचण चेअरमनसाहेबांना काही केल्या पटेना. डेटाबेसला भाऊ अशा रीतीने सांगतो की फाइल घ्यायची तर सगळी घे, एका ओळीत चूक निघाली तर काहीच घेऊ नकोस, होतं तसं कर. हजारो ओळी पोटात जातात आणि शेवटून चौथ्या ओळीत कुणाच्या तरी रकमेच्या जागी ‘बघून सांगतो’ असं लिहिलेलं निघतं. क्षणात सगळं साफ. पडद्यावर परत शून्य.

‘अहो भाऊ, एवढे बरोबर होते ना? एकट्यासाठी सगळ्यांना कशाला बाहेर काढता?’

‘साहेब, अर्धे आत नि अर्धे बाहेर राहिले तर उद्या आत कोण नि बाहेर कोण ते मी कुणाला विचारू?’

‘मला विचारा.’

‘तुम्ही आहात तोवर ठीक आहे,’ भाऊ म्हणाला. चेअरमन गप्प झाले. त्यांचं वय पाहता ते वाक्य जरा सरळच होतं, पण भाऊला त्यात काही वावगं वाटलं नाही. डेटा म्हटलं की त्याला जिभेचं भान राहत नाही.

भाऊचा खरा वैरी मात्र एक्सेल. एक्सेलचं नाव काढलं की तो खुर्चीतून उठतोच. ‘फार शहाणं आहे ते. न विचारता सुधारतं.’ खातं क्रमांक ०००४७ लिहिला तर ते पुढची शून्यं गिळून ४७ करतं. बँकेचा सोळा आकडी क्रमांक दिला तर पंधरा आकडे सांभाळतं आणि सोळाव्याच्या जागी मुकाट शून्य ठेवतं. तारखांचं तर विचारू नका. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ४ मार्चचं ३ एप्रिल होतं. त्यातली खोच भाऊ अगदी हळू आवाजात सांगतो: महिन्याच्या पहिल्या बारा तारखा गुपचूप चुकतात, कारण बारापर्यंतचा आकडा महिना म्हणूनही चालतो. तेरापासून पुढे यंत्र ओरडतं, कारण तेरावा महिना नसतो. ‘म्हणून मी ओरडणाऱ्या ओळींना घाबरत नाही. गप्प बसलेल्या ओळींना घाबरतो.’ एवढं बोलून तो संचालक मंडळाकडे बघतो, आणि त्यातले गप्प बसणारे उगाच घसा खाकरतात.

मग फॉन्ट. निवृत्त झालेल्या लेखनिकाने कधीकाळी सगळी नावं श्रीलिपीत टाइप करून ठेवली होती. त्याच्या संगणकावर ती सुंदर दिसायची. नव्या वेबसाइटला युनिकोड लागतं, तिथे त्याच नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं उगवली. एका आजींना त्यांचंच नाव पडद्यावर दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘ही नोटीस आहे का रे?’ भाऊने कन्व्हर्टर लावून ते सरळ केलं. तरी काही नावं दोनदा उमटत राहिली. डोळ्यांना अक्षर न् अक्षर सारखं, यंत्राला मात्र दोन वेगळी माणसं. जुन्नरच्या पश्चिमेला दाऱ्या घाट आहे. त्यातलं ‘ऱ्या’ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतं, आणि एका रीतीत मध्ये एक अदृश्य चिन्ह बसतं. दिसत नाही, छापलं जात नाही, जागाही घेत नाही. भाऊ त्याला ‘भूत’ म्हणतो. शिवाय नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा असतेच. त्या मोकळ्या जागेने आजवर किती संस्थांत किती सभासद वाढवले असतील, याचा हिशेब निवडणुकीत उभं राहणाऱ्यांनी एकदा करावा.

इथवर माझ्यासारख्यालाही वाटत होतं की हे सगळं तांत्रिक काम आहे, शिकलेला कुणीही करील. एका यादीने ते मत बदललं. यादीत एकाच नावाचे, एकाच वाडीचे चार सभासद होते. पुण्याच्या इंजिनियरने ‘डुप्लिकेट’ म्हणून त्यातले तीन उडवायला सांगितले. भाऊने यादी हातात घेतली. ‘हा मळ्यातला. हा पंपावरचा. हा मुंबईला डबेवाल्यांत होता तो. आणि हा...’ इथे तो थांबला, ‘हा मळ्यातलाच आहे, पण कर्ज घेताना पंपावरचा झाला होता.’ चार ओळींचे तीन सभासद झाले आणि एक जुनी वसुली उजेडात आली. पुण्यात बसून हे कुठल्या बटणाने होणार? सॉफ्टवेअरला नातं कळतं, भावकी कळत नाही.

राज्याने सातबारा संगणकावर घेतला तेव्हा हाच पेच पडला होता. हस्तलिखित उतारा आणि संगणकातला उतारा जुळेना, म्हणून २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झालं. उतारे मोठ्याने वाचायचे, ज्याच्या उताऱ्यात चूक असेल त्याने बोलायचं. डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले ते त्यानंतर, २०१८च्या महाराष्ट्र दिनापासून. भाऊला ती कल्पना इतकी आवडली की त्याने पतसंस्थेला सुचवलं, ‘आपण पण वाचन करू. शनिवारी मंदिरात. नाव, गाव, ठेव, कर्ज, थकबाकी, जामीनदार.’

त्याला यात फक्त तपासणी दिसत होती. गावाला काय दिसलं ते सोमवारपासून कळू लागलं. वाचनाचा फलक लागला आणि संस्थेत रांग लागली. वर्षानुवर्षं वसुली अधिकाऱ्याला मागच्या दाराने चुकवणारे पुढच्या दाराने येऊन हप्ते भरू लागले. एक जण तर व्याजासकट पूर्ण कर्ज फेडून म्हणाला, ‘आता माझं नाव वाचायचं काही कारण राहिलं नाही ना?’ भाऊ वैतागला. ‘अहो, मी काल शिल्लक जुळवली होती, तुम्ही आज बदलली!’ लोक पैसे भरतात म्हणून डोक्याला हात लावून बसलेला माणूस सहकार चळवळीने क्वचितच पाहिला असेल. वाचन शेवटी झालंच नाही. सभासदांची खासगी माहिती चारचौघांत सांगायची नसते हे चेअरमनना ऐन वेळी आठवलं. थकबाकी भरून झालेल्यांनी मात्र ‘आता वाचाच’ असा आग्रह धरला.

एकदा रात्री फाइल दोनदा चढली. सगळ्यांच्या सगळ्या रकमा दुप्पट. सकाळी कर्जदारांचे फोनवर फोन आले, गोंधळ झाला, एक जण वकील घेऊन आला. ठेवीदारांपैकी एकाचाही फोन आला नाही. भाऊने हे वहीत टिपून ठेवलंय, आणि तेव्हापासून त्याची फाइल कितीदाही चढवली तरी आधी ‘हा आहे का?’ विचारते आणि असेल तर गुमान पुढे सरकते.

सुट्टीच्या दिवशी याला कुठे नेऊ नये. आम्ही नाणेघाटात नेलं. तिथल्या लेण्यात सातवाहनांचा, राणी नागनिकेचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत कुणाला काय दान दिलं याची ती यादी: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकचिन्हांपैकी काही याच भिंतीवर आहेत, हजार आणि दहा हजारसुद्धा. बाकीचे दरीकडे बघत होते. भाऊ भिंतीला नाक लावून उभा. ‘आकड्यांचा रकाना आहे. मधल्या ओळी झिजल्यात, म्हणजे तिथे शून्य धरायचं नाही, रिकामं धरायचं.’ मग तो मागच्या भिंतीकडे वळला. तिथे राजघराण्याचे पुतळे होते. आज वर कोरलेली नावं आहेत आणि खाली जेमतेम पावलांच्या खुणा. भाऊ बराच वेळ बघत राहिला. आम्हाला वाटलं, इतिहासाने गहिवरला. तो म्हणाला, ‘नाव राहिलंय, माणूस उडालाय. कुणीतरी मुख्य नोंद पुसली राव.’

खोडदच्या दुर्बिणीचंही तेच. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, जगभरातले शास्त्रज्ञ तिथे डोकं लावतात. विज्ञान दिनाला ती लोकांना बघायला मिळते, तेव्हा लोक तबकड्यांपुढे फोटो काढतात. भाऊने तिथल्या एका तरुणाला गाठून विचारलं, ‘आकाशातून आलेल्या डेटात घाण असते का?’ त्याने सांगितलं, असते. विजेच्या तारांची, मोबाइलची, विमानांची. ती ओळखून बाजूला काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. भाऊ इतका खूश झाला की परत येताना खोडद ते वारूळवाडी गाडीत तेवढंच बोलत होता. ‘बघा, ताऱ्यांना सुटलं नाही, आपली तर पतसंस्था आहे.’

आता पाडव्याचं सांगतो. चेअरमनसाहेबांना उद्घाटन दिवाळी पाडव्यालाच हवं होतं. वहीपूजनाचा दिवस, नव्या वहीऐवजी नवी वेबसाइट पूजायची. भाऊने हात जोडले. ‘साहेब, शिल्लक ३१ मार्चची आहे आणि मुहूर्त दिवाळीचा. मधले सात महिने मी कुठे ठेवू?’ पण पत्रिका छापून झाली होती. पत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते ‘ऑनलाइन सभासद नोंदणीचा शुभारंभ’ असं होतं, म्हणजे पाहुण्यांनाच पहिला ऑनलाइन सभासद करून घ्यायचं होतं. भाऊने सात महिने चढवले, रात्रभर जागून ताळेबंद पैशापर्यंत जुळवला. सकाळी म्हणाला, ‘एक ओळ राहिली आहे, दहा मिनिटं द्या.’ मंडपात सनई लागली होती. दहा मिनिटं कुणी दिली नाहीत.

पाहुण्यांनी हार सांभाळत बटण दाबलं. पडद्यावर आलं: सभासद क्रमांक १ आधीच अस्तित्वात आहे.

सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या. क्रमांक १ म्हणजे संस्थापक, फोटोला ताजा हार. पाहुणे जरा मागे सरकले. त्यांनी पुन्हा दाबलं: क्रमांक २ आधीच अस्तित्वात आहे. क्रमांक २ समोरच्या रांगेत बसले होते, त्यांनी उठून नमस्कार केला. तिसऱ्यांदा दाबलं, क्रमांक ३च्या विधवा पत्नीने डोळ्याला पदर लावला.

झालं होतं असं की जुन्या सभासदांना त्यांचे जुने क्रमांक देऊन आत घेतलं होतं, पण नवे क्रमांक वाटणाऱ्या यंत्रातल्या मोजणीला ते कुणी सांगितलंच नव्हतं. ती बिचारी एकपासूनच मोजत बसली होती. राहिलेली ओळ ती हीच. पहिल्या लोडिंगनंतर हमखास विसरली जाणारी गोष्ट हीच आहे, आणि भाऊ ती विसरला नव्हता. तो मागच्या खांबाला टेकून उभा होता. चेअरमननी डोळ्यांनी बोलावलं तेव्हा शांतपणे म्हणाला, ‘दाबत राहिले तरी होईल. दर वेळी एक पुढे जातंय. सगळे सभासद संपले की यांचा नंबर.’

पाहुण्यांना गाडी गाठायची होती. भाऊ पुढे गेला, एक ओळ टाइप केली, मोजणी शेवटच्या क्रमांकापुढे नेऊन ठेवली. पाहुणे सभासद झाले. टाळ्या सॉफ्टवेअरला पडल्या, शाल-श्रीफळ पुण्याच्या इंजिनियरला मिळालं. भाऊच्या बिलाबद्दल विचारलं तेव्हा कळलं की कोटेशनमध्ये लायसन्स, ट्रेनिंग, मेन्टेनन्स असं सगळं आहे, डेटा भरण्याचा रकानाच नाही. सचिवांनी ते ‘किरकोळ खर्च’ या खात्यावर टाकलं. भाऊने हरकत घेतली, पैशांबद्दल नाही. खात्याचं नाव दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलं होतं, त्याबद्दल.

तुमचीही एखादी संस्था ऑनलाइन होणारच असेल, तर आमच्या लोडभाऊला बोलवा, नाहीतर तुमच्या तालुक्यातला शोधा, असतोच. वह्या त्याला सगळ्या द्या, पाणी लागलेल्यासुद्धा. त्याचे पैसे कोटेशनमध्ये धरा. आणि तो ‘झालं’ म्हणेपर्यंत पत्रिका छापायला टाकू नका.